खंडेनवमीचं व्हायोलिन

मी भित्री आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. पाल, झुरळ, अंधार यांची मला भीती वाटत नाही. मला भीती वाटते ती माणसं गप्प बसून माझ्याकडे बघायला लागतात त्याची. म्हणून व्हायोलिन मी आयुष्यभर बंद दाराआड वाजवलं. लहानपणी गिरगावात मांडी घालून, रागदारीचं. लग्न होऊन भाईंदर पश्चिमेला आल्यावर समुद्रकाठच्या उत्तन गावातल्या सरांकडे, पाश्चात्त्य पद्धतीचं, उभं राहून, कागदावरचे काळे ठिपके वाचत. भाईंदरला रागदारी शिकवणारं कुणी सापडलं नाही आणि सर सापडले, एवढंच त्यामागचं कारण. सर गावातल्या चर्चमध्ये, लग्नांत आणि मयतांत व्हायोलिन वाजवत म्हातारे झालेले. दर रविवारी दुपारी मी बसने त्यांच्याकडे जायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचे.

दोन हजारनंतरच्या दशकातली ही गोष्ट. त्या वर्षी नवरात्रात परदेशातून वादकांचा एक लहानसा गट उत्तनला आला. दसऱ्याच्या संध्याकाळी चर्चमध्ये त्यांचा कार्यक्रम होता. युरोपातल्या कुठल्याशा मठाच्या माळ्यावर त्यांना जुन्या कागदांचं गाठोडं सापडलं होतं. त्यात व्हायोलिनसाठी लिहिलेलं तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत. कुणी लिहिलं, ठाऊक नाही. लिहिणारा गेला, वाजवणारे गेले, आणि मधल्या एवढ्या काळात ते कुणाच्याही कानावर पडलं नव्हतं. ते वाजवायचं तर त्या काळच्याच वाद्यांवर, हा त्यांचा हट्ट. त्यांच्या व्हायोलिनला पोलादी तारा नव्हत्या, आतड्याच्या होत्या. हनुवटी टेकायला काही नव्हतं. आणि गज, म्हणजे ज्या काठीला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवतात आणि तारांवरून फिरवतात तो, सरळ नव्हता, बाहेरच्या बाजूला वाकलेला होता.

मी ऐकायला जाणार होते. मागच्या बाकावर, खांबाच्या आडोशाला, अशी माझी जागा मनात ठरलेलीसुद्धा होती. पण शुक्रवारी सरांचा फोन आला की ये. गेले तर कळलं, तिसरं व्हायोलिन वाजवणाऱ्या बाईंच्या पोटाने दगा दिलाय आणि त्या खोलीतून बाहेर येण्याच्या स्थितीत नाहीत. उत्तनला येऊन मासळी कोण सोडणार! गटाची प्रमुख, उंच, पांढऱ्या केसांची बाई, डोक्याला हात लावून बसली होती. तीन व्हायोलिनांसाठी लिहिलेलं संगीत दोघांत होत नव्हतं.

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही वाचते. हिला द्या."

मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

"सर, मला नाही जमणार."

"काय न्हाय व्हत. ठिपके वाचता येतात ना? मंग झालं."

झालं म्हणे! तालमीला उभी राहिले आणि पहिल्याच ओळीला चुकले. त्यांची पट्टी आपल्यापेक्षा अर्ध्या सुराने खाली. ज्याला मी जन्मभर पांढरी सहा म्हणत आले, तो सूर त्यांच्याकडे काळी चारवर बोलत होता. डोळ्यांना एक दिसतंय, बोट नेहमीच्या जागी पडतंय आणि कानावर दुसरंच येतंय. जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं प्रत्येक सुराला होत होतं. शेवटी मी कानाचं ऐकणं सोडलं आणि डोळ्यांवर विसंबून वाजवलं. प्रमुखबाई म्हणाल्या, चालेल. मात्र माझं स्वतःचं व्हायोलिन चालणार नाही, माझा गजही चालणार नाही. आजारी बाईंचंच वाद्य घरी घेऊन जा, दोन दिवस हात बसू दे, असं म्हणून त्यांनी पेटी माझ्या हातात दिली. उन्हात ठेवू नकोस, वाजवून झालं की गज सैल कर, आणि केसांना बोट लावू नकोस, एवढ्या तीन सूचना. गज सैल कसा करायचा तेही दाखवलं. खालचा लाकडी ठोकळा दाबून काढला की केस मोकळे सुटत.

ती पेटी मांडीवर घेऊन मी रिक्षाने घरी आले. बसने यायची छाती झाली नाही. प्रत्येक खड्ड्याला मी पेटी वर उचलत होते.

घरी आम्ही चौघे. नवरा त्या आठवड्यात कामासाठी सुरतेला होता, त्यामुळे या गोष्टीत तो नाही आणि नंतर त्याने त्याबद्दल पुष्कळ कुरकुर केली. उरलो मी, सासूबाई, म्हणजे आई, आणि सासरे. सासरे, आमचे बाबा, परळच्या गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली, चाळीतली खोली विकली आणि भाईंदरला हा फ्लॅट घेतला. त्यांची हत्यारं मात्र त्यांनी विकली नाहीत. पाने, हातोड्या, पेचकस, सगळं पलंगाखालच्या पेटीत. बाबा तसे देवभोळे नव्हते. उपास नाही, देवळात जाणं नाही. वर्षातून एकच पूजा ते स्वतः करत, ती खंडेनवमीची. त्या दिवशी हत्यारं बाहेर निघायची, प्रत्येकाला तेलाचा हात फिरायचा, पुसून लखलखीत झाली की पाटावर लाल कापड घालून मांडली जायची. सोबत आईंची शिवणाची कात्री, माझी ऑफिसची पेनं, स्कूटरची किल्ली आणि माझ्या व्हायोलिनची बंद पेटी. पेटीवर हळदकुंकू, एक झेंडूचं फूल. पेटी कधी उघडली जात नसे, म्हणून मला कधी काही वाटलं नाही.

शनिवारी नवमी होती. मी सकाळी बाजारात गेले, झेंडू आणि आपट्याची पानं घ्यायला. गर्दी होती, घासाघीस झाली, उशीर झाला. घरात आले तेव्हा उदबत्तीचा वास येत होता. पूजा मांडून झाली होती.

पाटावर मधोमध, पान्यांच्या आणि हातोड्यांच्या वर, ते परदेशी व्हायोलिन उघडं ठेवलेलं. शेजारी त्याचा गज. त्याच्या पलीकडे माझं व्हायोलिन, माझा गज. दोन्ही गज चमकत होते. केस चमकत होते. ओले असल्यासारखे.

"बघ," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा एवढा फुललेला मी त्या घरात क्वचितच बघितला होता. "तीनशे वर्षांचं हत्यार म्हणालीस ना? कोणी निगा नाही राखली गं त्याची. केस पार कोरडे ठणठणीत, त्यावर पांढरी भुकटी बसलेली. सगळी पुसून काढली. तारांना पण हात फिरवला. मशीनचं तेल नाही हां, घरचं खोबरेल. तुझ्यावाल्यालापण केलं."

ती पांढरी भुकटी म्हणजे राळ. राळ असते म्हणून केस तारेला पकडतात आणि म्हणून सूर निघतो. तेल लागलं की केस नुसते घसरतात. गज फिरत राहतो, आवाज येत नाही. हे मला नऊ वर्षांची असताना पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

हातातली झेंडूची पिशवी मी कुठे ठेवली मला आठवत नाही. मी पुढे झाले आणि गजाकडे हात नेला, तोच बाबा जोरात ओरडले.

"हां! पूजेतलं हत्यार उचलायचं नाही. उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही."

एरवी बाबा आवाज चढवत नसत. पण हा नियम त्यांचा कुठल्या पोथीतला नव्हता. एका खंडेनवमीला गिरणीत पूजा झालेली असताना वरच्या साहेबाने घाईची ऑर्डर म्हणून एक मशीन फुलंकुंकवासकट चालू करायला लावलं. बाबांच्या जोडीदाराची चार बोटं त्यात गेली. बाबांनी स्वतः त्याला टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं होतं. त्यावर कुणी काही म्हणायला गेलं की ते एवढंच म्हणत, "मी बघितलंय."

आता या माणसाला काय सांगणार? तुमच्या हाताने सत्यानाश केलात, असं? उभ्या आयुष्यात ज्या माणसाने एक नट चुकीचा पिळला नाही, त्याला? मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पेटी उघडायची कुणी सांगितली होती, असं ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि गिळलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

आई पुरणाची डाळ शिजवत होत्या. "काय झालं? अशी पांढरी का पडलीस?"

मी कुजबुजत सगळं सांगितलं. वाद्य परक्याचं आहे, उद्या संध्याकाळी वाजवायचंय, आणि ते वाजणार नाही. गावभर माणसं जमलेली असणार आणि मी गज फिरवणार आणि आवाज नाही. सांगता सांगता मला रडूच फुटलं. आईंनी गॅस बारीक केला.

"वाद्याचं मला काही कळत नाही. पण केसच आहेत ना?"

"घोड्याचे."

"घोड्याचे तर घोड्याचे. तेलकट झालेत तर धुवायचे."

"आणि पूजा?"

भीती त्यांनाही होती. त्या जोडीदाराच्या बायकोला त्या ओळखत होत्या. डाळ दोनदा ढवळून मग हळूच म्हणाल्या, "जेवून ते झोपतील. तेव्हा बघू."

बाबा जेवले, खाटेवर आडवे झाले, भिंतीकडे तोंड केलं. पाट त्याच खोलीत, खाटेपासून हाताच्या अंतरावर. आई पाटासमोर बसल्या, हात जोडले, ओठ हलले. मी विचारलं नाही पण मला ऐकू आलं, "तिला काही करू नको, मी उचलतेय." आणि त्यांनीच फुलं बाजूला करून परदेशी गज उचलला. रिकाम्या जागी आपली शिवणाची लाकडी पट्टी ठेवली आणि तिच्यावर फुलं पसरली. "तीपण हत्यारच आहे माझं. तिचीही होऊ दे पूजा," म्हणाल्या.

बाथरूममध्ये आम्ही दोघी दार लोटून बसलो. मी ठोकळा काढला, केस सुटले. लाकडाला पाणी लागू नये म्हणून काठीला दुधाच्या पिशव्या दोऱ्याने बांधल्या. शॅम्पू नको, त्याने केस बुळबुळीत होतात असं आईंचं म्हणणं, म्हणून त्यांनी रिठे कोमट पाण्यात कुस्करले. मी काठी धरली, त्यांनी केस धुतले. एकदा धुतले, तेल सुटेना. पुन्हा धुतले. नळ बारीक सोडला तरी त्याचा आवाज मला धबधब्याएवढा वाटत होता. बाहेर खाट करकरली तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींची मनगटं धरली. पुन्हा शांत झालं. दोन केस तुटून माझ्या बोटाला चिकटले. ते बघून मला एकदम त्या जोडीदाराची आठवण झाली, आणि माझी बोटं मी मूठ करून दाबून धरली. अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी कॉलेजात छातीठोकपणे सांगायचे. बाथरूममध्ये ते काही कामाला आलं नाही.

जुन्या धोतराच्या तुकड्याने केस टिपले, स्वयंपाकघरातल्या पंख्याखाली धरले, फणीने विंचरले. माझ्या स्वतःच्या केसांची एवढी निगा मी कधी राखली नव्हती. वाळले तसा ठोकळा बसवला आणि गज पुन्हा पाटावर गेला. वाजवून बघायची सोय नव्हती. व्हायोलिन पूजेत होतं, आणि बाबा उठायची वेळ झाली होती. उठून त्यांनी चहा घेतला, पाटाकडे एकदा बघितलं आणि माझ्याकडे न बघता बाहेर फेरी मारायला गेले.

रात्री खालच्या गल्लीत गरबा चालला होता, लाउडस्पीकर भिंती हलवत होते, आणि मला कार्यक्रमातला एकच तुकडा दिसत होता. एका जागी बाकीची दोन व्हायोलिनं थांबत आणि तिसरं, म्हणजे मी, एकटीच वाजवत राही. फार नव्हतं ते. पण आवाज न येण्याला तेवढं भरपूर होतं.

दसऱ्याच्या सकाळी बाबांनी पाट हलवला, अक्षता टाकल्या आणि गज स्वतः माझ्या हातात दिला. मी आतल्या खोलीत गेले, राळ घासली, तारा कोरड्या फडक्याने पुसल्या आणि ओढून बघितला. सूर आला. मी जागच्या जागी उडी मारली. मग पूर्ण ओढला, आणि मध्यावर आवाज एकदम गेला. तिथे अजून तेल होतं. टोकाला ठीक, मुठीकडे ठीक, मधे वीतभर घसरडं. पुन्हा धुवायला वेळ नव्हता, एवढ्यात वाळलं नसतं. दिवसभर मी मधला भाग टाळून गज कसा वळवायचा तेच करत बसले. घामाने व्हायोलिन खांद्यावरून घसरत होतं ते वेगळंच.

संध्याकाळी आम्ही तिघे उत्तनला गेलो. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, समुद्रावरची दमट हवा, आणि चर्चमध्ये माणूस मावायला जागा नाही. वाद्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून पंखे बंद. मी प्रमुखबाईंना बाजूला घेऊन माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. लपवणं मला झेपलं नसतं, कारण व्हायोलिनला खोबरेलाचा वास येत होता. त्यांनी गज नाकाजवळ नेला, उजेडात धरला, केस निरखले. चेहरा पडला. मग स्वतःची राळ काढून मधल्या भागावर खूप वेळ घासली आणि गज परत दिला. बोलल्या काहीच नाहीत, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. सर एवढंच म्हणाले, "हाय तेवढ्या गजाने वाजव."

बाबा आणि आई पहिल्याच बाकावर. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशात आपट्याची पानं. माझ्याकडे बघून ते हसले नाहीत. मला वाटलं, दमले असतील.

सुरू झालं. एक व्हायोलिन काही म्हणे, दुसरं तेच जरा मागाहून म्हणे, मग मी. पोलादी तारेचा कर्कशपणा त्यात नव्हता. आवाज लहान, जरासा घोगरा, घरातल्या माणसाने शेजारच्या खोलीतून बोलावं तसा. एवढी वर्षं हे कुणी ऐकलं नव्हतं, आणि आता उत्तनच्या कोळणी नवी लुगडी नेसून ऐकत होत्या. मला ते फार सुंदर वाटलं, आणि मी फार घाबरलेली होते, आणि दोन्ही एकाच वेळी चाललं होतं. गज मध्यावर आला की मी श्वास धरायचे, वळवायचे, सोडायचे. मग ती जागा आली. बाकीचे दोघे थांबले. सगळ्या चर्चमध्ये माझ्याशिवाय आवाज नव्हता.

पहिले सूर निघाले. घाबरून मी गज जास्त लांब ओढला, तो मध्यावर गेला आणि सुटला. आवाजाच्या जागी नुसती फुंकर. हात तारांवरून घसरून खाली गेला. त्याच क्षणी समोरच्या बाकावर बाबा उठायला लागले. अर्धे उठलेले, बाकाचा कठडा घट्ट धरलेला, तोंड उघडं. आईंनी त्यांचा शर्ट ओढला. माझं लक्ष त्यांच्याकडे गेलं आणि गंमत म्हणजे त्यामुळे माझं स्वतःचं भ्यायचं राहून गेलं. गज टोकाशी नेला, पुढचा सूर धरला आणि उरलेलं वाजवलं. बाबा खाली बसले. संपलं तेव्हा टाळ्या झाल्या. प्रमुखबाईंनी माझा खांदा दाबला. पेटी त्यांच्या हातात गेली तेव्हा कुठे मला पोटभर श्वास घेता आला.

स्टॉपवर आम्ही बसची वाट बघत उभे होतो. मागच्या दुकानाची ट्यूबलाइट आमच्यावर पडत होती.

"हात बघू," ते एकदम म्हणाले.

मी डावा हात पुढे केला. त्यांनी एकेक बोट चिमटीत धरून दाबून बघितलं. "दुसरा." मी उजवा दिला. तोही तसाच बघितला.

"काल दुपारी जागा होतो मी," ते म्हणाले. "नळ ऐकला. कळलं, माझं तेल चुकलं."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"बोललो असतो तर तू गज परत ठेवला असतास. मग आज काय वाजवलं असतंस?"

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "गाणं कसं वाटलं?"

"गाणं कुठे ऐकलं मी? सगळा वेळ तुझी बोटं बघत होतो."

आई इतका वेळ समुद्राकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या वळल्या आणि आपले दोन्ही हात त्यांनी बाबांच्या पुढे धरले.

"माझेपण बघा," म्हणाल्या. "पूजेतून उचलला मी होता."

बाबांनी त्यांचे हात धरून उजेडात घेतले. बस आली, माणसं चढायला लागली, कंडक्टरने घंटी मारली, तरी ते आईंचं एकेक बोट दाबून बघत होते.